माडीच्या फळ्यांना पीयू लावताय? या चुका टाळा

गुहागरच्या बाजूला आमचं घर आहे, माडीची जमीन सागवानी फळ्यांची. गणपतीला मुंबई-पुण्याची मंडळी येणार म्हणून एका वर्षी आम्ही भर श्रावणात तिला ऑइलवालं पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर मारायचं पारदर्शक पॉलिश) मारलं. पाचव्या दिवशी हात लावून पाहिला तर कोरडं खडखडीत. चतुर्थीच्या रात्री सतरंज्या अंथरून सगळे वर झोपले. सकाळी सतरंजी उचलताना चर्र आवाज झाला आणि खाली तिची वीण जशीच्या तशी उमटलेली दिसली, गाठीसकट. ती माडी पुन्हा घासून काढावी लागली. दोनदा केल्यामुळे जे नीट कळलं, ते सांगतो.

आमची चूक एकच, पण सगळ्यात जास्त होणारी. वरून कोरडं झालं म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो. ऑइलवाल्या पीयूमधला थिनर आधी उडून जातो, म्हणून हाताला चिकटत नाही. थर आतपर्यंत घट्ट होतो तो पुढे हवेतला ऑक्सिजन घेत घेत, आणि त्याला साधारण महिना लागतो. चोवीस तासांनी मोजे घालून चालता येतं, तीन-चार दिवसांनी खुर्ची-टेबल उचलून ठेवता येतं (ओढून नाही), पण सतरंजी, गादी, पायपुसणं महिनाभर नको. पाण्यावर आधारित पीयू आठवड्या-दोन आठवड्यांत तयार होतं. हे आकडे कोरड्या हवेचे. पावसात त्यांच्यावर अजिबात विसंबू नका.

सागाची आणखी एक खोड आहे. त्याच्या अंगातलं तेल ऑइलवाल्या पीयूला सुकू देत नाही. आठवडा झाला तरी काही फळ्या चिकट आणि शेजारच्या ठीक, असं दिसलं तर कारण बहुतेक हेच. घासून झाल्यावर, हात मारायच्या अगदी थोडा वेळ आधी फळ्या थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. फडकं पिवळं-तपकिरी होईल. ते स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. तरी भीती वाटत असेल तर मेण काढलेल्या चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक पातळ हात आधी द्या. दोन डब्यांच्या पीयूखाली मात्र त्याच कंपनीचा सीलर (आधी द्यायचा अस्तराचा हात) वापरा, तिथे आपली अक्कल चालवू नका.

दोन डब्यांचं पीयू म्हणजे बेस आणि हार्डनर. सुतार मंडळी हल्ली हेच सुचवतात, आणि टिकायला ते खरंच चांगलं. पण दमट हवेत त्याचे बारीक बुडबुडे येतात, सुई टोचल्यासारखी भोकं राहतात, आणि लोक ब्रशला दोष देतात. हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाची पाण्याच्या वाफेशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो वायू थरातून वर येताना हे करतो. म्हणून हार्डनरचा डबा उघडा ठेवायचा नाही, दोन-तीन तासांत संपेल एवढंच मिसळायचं, आणि प्रमाण डब्यावरचंच. ‘थोडा जास्त हार्डनर टाका, लवकर सुकेल’ हे मी स्वतः ऐकलंय. त्याने थर ठिसूळ होतो.

कोकणात या कामाला डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. मे महिन्यात ऊन असलं तरी हवा ओली असते. पुणे-नाशिककडे उलटी अडचण, एप्रिलच्या दुपारी पीयू ब्रशखालीच ओढायला लागतं आणि रेघा राहतात. तिथे सकाळी लवकर काम उरका.

घासण्यात कंजुषी करू नका. ६०, मग ८०, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मधला एकही गाळायचा नाही. ६० वरून थेट १२० वर उडी मारली तर खोल चरे तसेच राहतात, आणि कोऱ्या लाकडावर न दिसणारे ते चरे पहिला हात बसताच उठून दिसतात. रात्री विजेरी जमिनीला टेकवून आडवा उजेड टाका, सगळं कळतं. १५० च्या पुढे मात्र जाऊ नका, फार गुळगुळीत लाकडावर पकड बसत नाही.

फळ्यांवर जुनं मेणाचं पॉलिश असेल तर आधी टर्पेंटाइनने मेण काढा, मग घासा. आधी घासलं तर मेण वितळून रेषांत मुरतं आणि पीयू जागोजागी फाटून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. भारतात शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाची धूळ पोरांच्या आसपास उडवू नका.

पहिल्या हातानंतर २२० ने हलकं घासून धूळ पुसली नाही, की वर्षभरात नखाने पापुद्रा निघतो. पाण्यावरच्या पीयूला तारेची घासणी लावू नका, अडकलेले तुकडे गंजून ठिपके पडतात. डबा हलवू नका, काठीने तळापासून ढवळा. मॅट असेल तर जास्तच, कारण चकाकी कमी करणारी भुकटी खाली बसते. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ तीन मारा. पंखा बंद. जिन्यासमोरच्या भिंतीपासून सुरू करून तीन-चार फळ्या पूर्ण लांबीने ओढत जिन्याकडे या, मध्ये चहाला थांबलात तर जोड दिसेल.

आता जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. ऑइलवाल्या पीयूची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना ऊब सुटते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. अंगणात एकेरी पसरा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जिन्यावरून खाली उतरते. आमचं देवघर नेमकं जिन्याच्या पायथ्याशी. दुसऱ्या वेळी काम चाललं तेवढे दिवस आईने समई बाहेर पडवीत लावली आणि गॅसही वाफ जाईपर्यंत बंद ठेवला. साधा कापडी मास्क या वाफेला अडवत नाही, वाफ शोषणारं काडतूस (फिल्टर) बसवलेला घ्या. दमा असेल त्याने दोन डब्यांच्या पीयूच्या जवळही थांबू नये.

ते दुसरं काम जानेवारीत केलं. सतरंज्या शिमग्यापर्यंत गुंडाळून ठेवल्या होत्या.