फोटोबुकमधला गोंधळ कसा निस्तरला

आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली, त्या सोहळ्याचं फोटोबुक करायला घेतलं. तीन फोन आणि एक कॅमेरा मिळून ८४० फोटो. सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर औक्षणाच्या आधी पंगत! फोटो फाइलच्या नावानं लागले होते. ‘काढल्याची तारीख’ हा क्रम निवडला, तरी कॅमेऱ्याचे फोटो त्यांच्या खऱ्या जागेच्या आधीच येत होते. केक कापतानाचा एकच क्षण फोन आणि कॅमेरा दोन्हींत सापडला. कॅमेऱ्याचं घड्याळ ४७ मिनिटं मागे होतं. डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम ४७ मिनिटं पुढे सरकवली.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत मूळ तारीखच नव्हती, शिवाय पानभर लावताच कमी रेझोल्यूशनची पिवळी खूण. १६०० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) जेमतेम सव्वापाच इंच छापतो. मावशीला म्हटलं, “तेच परत डॉक्युमेंट म्हणून पाठव ना गं.” दोन्ही प्रश्न सुटले.

मग आवडीप्रमाणे फोटोंना तारे देत ११० फोटो ठेवले. पानांवरच्या सजावटीची फुलं, रिबिनी सगळं काढून टाकलं. आईच्या पैठणीच्या काठाचा जवळून काढलेला एक फोटो फिका करून पार्श्वभूमीला लावला, तोच सगळीकडे. त्यातला मोर फार सुरेख दिसतो.