आईशी बोलणं बंद केल्यावर काय काय करून ठेवायचं

चार वर्षं झाली, मी आईशी बोलत नाही. का ते इथे लिहीत नाही, कारण ज्यांनी हे केलंय त्यांना ते सांगायची गरज नसते आणि बाकीच्यांना कितीही सांगितलं तरी शेवटी "अगं पण आई ती आईच" वरच येतं सगळं. बोलणं बंद करावं की नाही हेही मी सांगणार नाही. ज्यांचं झालंय आणि आता रोजचं कसं निभवायचं ते कळत नाहीये त्यांच्यासाठी हे. माझं म्हणणं एकच, जे ठरवायचं ते डोकं शांत असताना ठरवा आणि वहीत लिहून ठेवा, कारण ऐन सणाला किंवा रात्री दहाला मामाचा फोन आला की आपण परत आठ वर्षांचे होतो आणि समोरचा म्हणेल त्याला हो म्हणून बसतो.

नातेवाईकांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा. माझं वाक्य, "मावशी, आमचं सध्या बोलणं नाहीये, तुझा गुडघा कसाय?" बस. कारणं सांगायला गेलात की ती संध्याकाळपर्यंत तिकडे पोचतात, तिखटमीठ लावून, आणि मग त्याला उत्तर येतं, आणि बोलणं बंद असूनही बोलणं चालूच राहतं. जो नातेवाईक निरोप आणतो त्याला एकदाच नीट सांगा की निरोप नको, तू मात्र ये.

आता कागदपत्रं, हे कुणीच सांगत नाही म्हणून जरा लांबण लावते. आधारला अजून आईचा मोबाईल नंबर असेल तर प्रत्येक ओटीपी तिच्या फोनवर जाणार, आधी आधार केंद्रात जाऊन तो बदला. लहानपणीचं जॉइंट खातं असेल तर तिचं नाव काढायला तिचीच सही लागते, त्यापेक्षा सरळ नवीन खातं उघडा आणि पगार तिकडे वळवा. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची मार्कशीट घरीच राहिली असेल तर भांडायला जाऊ नका, दाखल्याची दुसरी प्रत शाळेतून मिळते, मार्कशीटची बोर्डाकडून, जन्माचा दाखला महापालिका किंवा ग्रामपंचायतीतून. नॉमिनी सगळीकडे तपासा, बँक, विमा, ग्रॅच्युइटी, आणि पीएफचं लग्नानंतर नव्यानं भरायचंच असतं. पण नॉमिनी बदलला म्हणजे झालं असं नाही हां. हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर मुलाच्या मालमत्तेत त्याच्या आईला बायकोमुलांइतकाच वाटा असतो, आणि लग्न न केलेल्या, मूल नसलेल्या मुलीचे वारस तर आईवडीलच. तुम्हाला वेगळं हवं असेल तर मृत्युपत्र करा, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही पण केलेलं बरं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फॉर्मवरून जाणार नाही. मी एकदा कार्ड ब्लॉक करायला बँकेला फोन केला, पलीकडच्या मुलीनं व्हेरिफिकेशनसाठी आईचं नाव विचारलं, आणि मला ते उच्चारता येईना, ती बिचारी "हॅलो मॅडम, हॅलो" करत राहिली. तेव्हापासून ते नाव मी मोठ्यानं म्हणायची सवय केली, घरी, भांडी घासताना वगैरे. आता निघतं तोंडातून.

पैशाचं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं स्वतःचं भागवू न शकणारे आईवडील मुलामुलींकडे निर्वाह मागू शकतात, लग्न झालेल्या मुलीकडेसुद्धा, आणि बोलणं आहे की नाही याचा तिथे संबंध नाही. माझं मत विचाराल तर तिचं खरंच भागत नसेल आणि तुम्हाला झेपत असेल तर महिन्याला ठरावीक रक्कम बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा. मी तेच करते. सोबत मेसेज नाही, फोन नाही. त्यानं माझी झोप परत आली.

सणांचं आधीच ठरवा. मे महिन्यातला मदर्स डे फोन बाजूला ठेवला की जातो, पिठोरी अमावस्या जात नाही. आमच्याकडे आई खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून, पाठमोरी उभी राहून विचारायची, "अतीत कोण?" आणि आम्ही मागून "मी" म्हणून ते घ्यायचो. पहिल्या वर्षी त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले. दुसऱ्या वर्षी रजा घेतली, खीर केली आणि स्वतःच वाण धरलं, माझी मुलगी मागे उभी होती. रडू आलं म्हणजे निर्णय चुकला असं अजिबात समजू नका, सुटल्यासारखं वाटणं आणि आठवण येणं एकाच दिवशी होतं. फारच जड झालं तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि जे फक्त आईलाच माहीत होतं ते दुसरीकडून मिळवा. डॉक्टर विचारतात, आईला शुगर आहे का, बीपी कधीपासून, आणि आपल्याकडे उत्तर नसतं. मी मावशीकडून एका बैठकीत सगळं लिहून घेतलं, शुगर, थायरॉइड, आजीचं काय झालं होतं ते. त्याच वहीत मागच्या पानावर गोडा मसाला आहे, दगडफूल किती, खोबरं किती भाजायचं. मावशी म्हणाली तुझी आई नागकेशर जास्त घालायची. मीही जास्तच घालते.

शेवटचं, ती आजारी पडली तर. जाणार का, गेलात तर किती वेळ, बरोबर कोण, रात्री राहणार का, हे आज लिहा. माझ्या वहीत लिहिलंय, हॉस्पिटलचं बिल भरेन, नवऱ्याला घेऊन एकदा जाऊन येईन, मुक्काम नाही. ही ओळ नवऱ्याला आणि मावशीला दाखवून ठेवलीये, म्हणजे त्या रात्री मी डगमगले तरी ते दोघं मला ती वाचून दाखवतील.