लाल-सायन चष्म्यातून त्रिमितीय दिसणारे छायाचित्र कसे छापावे

आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे ६५ मिलिमीटर अंतरावर असल्याने एकच दृश्य त्यांना किंचित वेगवेगळे दिसते आणि या फरकावरून मेंदू खोली जाणतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले. ॲनाग्लिफ पद्धतीत ही दोन दृश्ये एकाच कागदावर दोन रंगांत छापतात; डावीकडे लाल व उजवीकडे सायन (हिरवट निळी) काच असलेला चष्मा ती पुन्हा वेगळी करतो.

दृश्यातील वस्तू स्थिर असाव्यात. पहिले छायाचित्र घेतल्यावर कॅमेरा न वळवता उजवीकडे सरळ सरकवावा आणि फोकस व एक्स्पोजर न बदलता दुसरे घ्यावे. सर्वांत जवळची वस्तू जितकी दूर असेल त्याच्या तिसाव्या भागाइतके सरकवावे, असा रूढ संकेत आहे. म्हणजे वस्तू ३ मीटरवर असेल तर १० सेंटिमीटर. छपाईसाठी याहून थोडे कमीच बरे, कारण खोलीचा हव्यास धरला की डोळ्यांना ताण पडतो.

संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही छायाचित्रे आधी कृष्णधवल करावीत, कारण भडक लाल वस्तू एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला काळी दिसते. मग डाव्या छायाचित्राचा लाल चॅनेल (प्रतिमेतील त्या एका रंगाचा थर) आणि उजव्याचे हिरवा व निळा चॅनेल एकत्र करावेत. दोन्ही प्रतिमांतील उभा फरक पूर्णपणे काढून टाकावा. त्यानंतर एक प्रतिमा आडवी सरकवत जवळच्या वस्तूच्या रंगीत कडा एकमेकींवर आणाव्यात, म्हणजे उरलेले दृश्य कागदाच्या मागे जाते.

खरी अडचण शाईची असते. लाल चॅनेलमधले डावे चित्र कागदावर सायन शाईने उमटते. सायन शाई लाल काचेतून गडद दिसावी आणि सायन काचेतून कागदात विरून जावी, ही अपेक्षा. परंतु ही शाई थोडा हिरवा व निळा प्रकाशही शोषते, त्यामुळे उजव्या डोळ्याला डाव्या चित्राची फिकट सावली दिसत राहते. पांढऱ्या आकाशापुढची काळी फांदी या दोषाला हमखास बळी पडते, म्हणून असे दृश्य टाळावे, कॉन्ट्रास्ट उतरवावा आणि पूर्ण आकारात छापण्यापूर्वी एक छोटा तुकडा छापून चष्म्यातून तपासावा. त्यात दूरच्या वस्तू पुढे आलेल्या दिसल्या, तर चॅनेलची अदलाबदल झालेली असते किंवा चष्मा उलटा घातलेला असतो.