आधी ठोकळे, मग घाट

ठोकळे घ्या. लाकडी, चाकाखाली लावायचे, चार. बाकी यादी पुढे आहे, ती वाचायचा कंटाळा आला तरी चालेल, पण ठोकळे गाडीत टाकल्याशिवाय कोल्हापूर सोडू नका. मी मागच्या खेपेला तेवढेच विसरलो होतो.

माझी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचा राहता डबा, पन्नास वर्षांची आहे. लाकडी सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोनच चाकं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि पुढे देवगड, असा आमचा रस्ता. नकाशात घाट बोटभर दिसतो, त्यावर जाऊ नका.

कागदपत्रं, स्टेपनी, जॅक, पाणी, टॉर्च हे सांगायला नको. गॅसची टाकी बंद करा. दिवे जोडून एकाला मागे उभं करा आणि ब्रेक, इंडिकेटर सगळं बघून घ्या, कारण आपल्या ट्रॅफिकमध्ये मागच्याला डब्याच्या आडून तुमच्या गाडीचं काहीच दिसत नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. जुनी कॅरॅव्हॅन वर्षातले अकरा महिने उभी असते, त्यामुळे नक्षी कोरी करकरीत राहते आणि रबर आतून मरतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४१२ म्हणजे २०१२ सालचा चौदावा आठवडा. असला टायर फुकट मिळाला तरी घाटात नेऊ नका. बेअरिंगला ग्रीस भरून घ्या. चाकं काढून बसवली असतील तर पन्नासेक किलोमीटरवर नट पुन्हा आवळा.

गाडीमागच्या हुकचा गोळा आणि त्यावर बसणारं डब्याचं कपलिंग एकाच मापाचं हवं. युरोपातल्या कॅरॅव्हॅनला ५० मिलिमीटरचा गोळा लागतो, अमेरिकन बनावटीला बहुधा दोन इंची, आणि हा पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. ‘बसतंय की’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका. डबा हुकवरून सुटल्यावर त्याचे ब्रेक ओढणारी तार वेगळी जोडायची, ती लोंबत ठेवायची नाही.

आता वजन. जड सामान खाली आणि ॲक्सलच्या आसपास. हुकवर एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार यावा, म्हणजे हजार किलोच्या डब्याला पन्नास ते सत्तर किलो. बाथरूममधला वजनकाटा कपलिंगखाली ठेवून मोजता येतं. हा भार कमी झाला की डबा शेपूट हलवायला लागतो. येताना मी दहा पेट्या हापूस मागच्या पलंगावर रचल्या होत्या, आणि वैभववाडीच्या सपाट रस्त्यावरच डबा डुलायला लागला. अशा वेळी ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगशी झटापट करू नका, फक्त ॲक्सिलरेटर सोडा. मग थांबून पेट्या पुढे आणा. मी आणल्या नाहीत, ‘आता चढच आहे’ म्हणालो. असो.

उतारावर आधीच खालचा गिअर टाका, वळण आल्यावर नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांनी हे वाचूच नये. या जुन्या डब्यांचे ब्रेक रेट्यावर चालतात: पुढची गाडी हळू झाली की डबा पुढे ढकलतो, कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि डब्याचे ब्रेक लागतात. म्हणजे अख्खा घाट उतरताना ते घासतच राहतात. जळका वास आला की रुंद जागा बघून थांबा, त्यावर पाणी ओतू नका. आणि थांबलात की ठोकळे, चाकांच्या पुढे. रिव्हर्सचा खटका (मागे घेताना डब्याचे ब्रेक लागू नयेत म्हणून असतो तो) लावला असेल तर निघण्याआधी काढा. माझा आपोआप पडत नाही. तो लागलेला राहिला तर डब्याला ब्रेकच नाहीत.

आणि चढ. घाटात वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे. तो सगळ्यांना माहीत असेल या भरवशावर राहू नका. एका वळणावर पुढचा ट्रक बंद पडला आणि मी मागे अडकलो. नीट समजून घ्या: चढावर डबा मागे ओढत असतो, दांडा बाहेर आलेला असतो, त्यामुळे डब्याचा रेट्याचा ब्रेक लागतच नाही. त्याचा हातब्रेक ओढायला खाली उतरावं लागतं आणि माझा पाय ब्रेकवरून उचलायची सोय नव्हती. सगळा भार गाडीच्या ब्रेकवर. बायको उतरली, कोणीतरी टाकलेला चिऱ्याचा तुकडा तिनं चाकामागे सरकवला, आणि तो जांभा भिजलेल्या बिस्किटासारखा चुरला. डबा हातभर मागे आला. मागच्या ट्रकचा क्लीनर पोरगा पळत आला, त्यानं आपला बाभळीचा ठोकळा मारला आणि म्हणाला, ‘काका, एवढी म्हातारी वढत आनलीसा, आन् ठोकळा न्हाई व्हय?’

नव्हता. म्हणून सांगतो: बाभळीचे, तिरके कापलेले, चार. दगड नको, वीट नको, चिरा तर नकोच. प्रत्येकाला हातभर दोरी बांधा, म्हणजे निघताना ओढून घेता येतो. रस्त्यात सोडून जाऊ नका, मागून दुचाकीवाला येतो. आणि ते पलंगाखालच्या कप्प्यात ठेवू नका, दाराशी ठेवा. उतरून लावणारा माणूसही आधीच ठरवा. चालवणारा तो नव्हे.

इंजिन तापलं तर एसी बंद करा, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. पावसाळ्यात जाऊच नका.

देवगडला पोचल्यावर आधी ठोकळे, मग हुक काढा, या क्रमाने. खारा वारा आहे, परतल्यावर खालून धुऊन घ्या. छप्पर गळतंय का बघा. निघताना ठोकळे मोजा. माझ्या नव्या चारातले दोन मावशीकडे पडवीच्या दाराला लावलेले आहेत, आणि मावशी आता ते देत नाही.