ठोसा चुकवताना डोके किती हलवावे?

सोलापूरच्या पूर्व भागातून माझ्याकडे बॉक्सिंग शिकायला येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी यंत्रमाग असतो, त्यामुळे नवख्याची पहिली चूक समजावताना मला धोट्याचे उदाहरण फार उपयोगी पडते. धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा वाहून नेणारा भाग, ठरलेल्या तालात एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो आणि परत येतो. पुढच्या क्षणी तो कुठे असेल हे विणकराला न पाहता सांगता येते. ज्याचे डोके असेच तालात झुलते, त्याच्या डोक्याचाही अंदाज समोरच्याला दोन-तीन झोक्यांत येतो आणि ठोसा नेमका तिथे येऊन पोहोचतो. म्हणून सतत डोलत राहण्याची हौस आधी सोडावी. ठोसा निघाला की डोके त्याच्या वाटेतून जेमतेम बाजूला जावे, साधारण चार बोटे, आणि तिथूनच उलट ठोसा मारता यावा.

हे साधायचे तर पवित्रा पक्का हवा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा पाय पुढे ठेवावा, दोन्ही पायांत खांद्यांइतके अंतर राखावे, गुडघे किंचित वाकवावेत आणि मागच्या पायाची टाच जमिनीपासून थोडी उचललेली असावी. कोपरे बरगड्यांना लागून, उजवी मूठ गालाच्या हाडाजवळ, डावी मूठ डोळ्यांच्या उंचीवर थोडी पुढे आणि हनुवटी छातीकडे झुकलेली असावी. तालमीतून आलेल्या मुलांना हे जड जाते, कारण कुस्तीत कमरेतून वाकून हात पुढे धरायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. त्यांचे गुडघे आणि तोल मात्र इतरांपेक्षा कितीतरी चांगले असतात.

नजर समोरच्याच्या मुठीवर ठेवू नये. मूठ इतक्या वेगाने येते की ती दिसल्यावर हलायला वेळ उरत नाही. नजर त्याच्या छातीच्या वरच्या भागावर ठेवली म्हणजे खांद्याची हालचाल मुठीच्या आधी कळते. ठोसा येताना डोळे मिटणे ही साऱ्यांचीच खोड असते आणि ती रागावून जात नाही. जोडीदाराला हळूच, फक्त स्पर्श होईल असे ठोसे कपाळाच्या दिशेने टाकायला सांगावे आणि डोळे उघडे ठेवून ते गार्डवर, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेल्या हातांवर, घ्यावेत. काही दिवसांत पापणी स्थिर होते.

आता स्लिप, म्हणजे सरळ ठोसा डोक्याच्या बाजूने जाऊ देणे. दोघेही उजव्या हाताने खेळणारे आहेत असे धरू. समोरच्याचा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, निघताच आपण आपल्या उजवीकडे सरकायचे, म्हणजे तो हात आपल्या डाव्या खांद्यावरून निघून जातो. इथे मान वाकडी करायची नसते. डावा खांदा पुढे आणि उजवा मागे जाईल असे धड वळवले की डोके आपोआप बाजूला जाते. गुडघे थोडे दबतात आणि वजन उजव्या पायावर येते. उजवा हात आता ताणलेल्या स्प्रिंगसारखा तयार असतो. त्याचा उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, आला तर हेच उलट करावे: उजवा खांदा पुढे, डोके डावीकडे, वजन डाव्या पायावर, आणि तिथून आपला डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, सहज सुटतो. दोन्ही वेळा आपण त्याच्या हाताच्या बाहेरच्या बाजूला राहतो, त्यामुळे त्याचा दुसरा हात आपल्यापासून लांब पडतो. आतल्या बाजूने स्लिप करता येत नाही असे नाही, पण तिथे दुसरा ठोसा वाट पाहत असतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

हुक बाजूने वळून येतो, म्हणून त्याला स्लिप पुरत नाही; त्याच्या खालून जावे लागते. याला रोल म्हणतात. समोरच्याचा डावा हुक आपल्या उजवीकडून येतो, तेव्हा गुडघे वाकवून खाली बसावे, डोके हुकच्या खालून उजवीकडे न्यावे आणि त्याच्या हाताच्या बाहेर वर यावे. पाठ ताठ आणि नजर वरच हवी. जो कमरेतून वाकून जमिनीकडे पाहतो, त्याच्या हनुवटीला अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, आयताच मिळतो. शिवाय हौशी स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्याखाली डोके नेणे नियमबाह्य आहे.

दर वेळी अंग हलवायला वेळ मिळत नाही. तेव्हा हात कामाला येतात. जॅब उजव्या तळव्याने हलकासा टोलवून वाट बदलावी. हात वीतभरही पुढे नेऊ नये, कारण हात पुढे गेला की गाल उघडा पडतो आणि जाणता प्रतिस्पर्धी आपला हाच मोह हेरून खोटा जॅब दाखवतो. हुक अडवताना ग्लोव्ह कानाला फोन लावल्यासारखा डोक्याशी घट्ट चिकटलेला असावा. मध्ये फट राहिली तर आपलाच ग्लोव्ह आपल्याला लागतो. पोटावर ठोसा आला तर हात खाली न सोडता धड वळवून कोपर खाली आणावे.

मागे झुकून ठोसा चुकवण्याचे वेड मोहम्मद अलींच्या चित्रफिती पाहून येते. तरुणपणी मीही हात खाली सोडून तसा झुकलो होतो आणि दोन दिवस भाकरी चावता आली नव्हती. खुद्द अलींनाही, त्यांचे नाव कॅशस क्ले होते तेव्हा, 1963 साली लंडनच्या वेम्बलीत ब्रिटिश बॉक्सर हेन्री कूपरच्या डाव्या हुकने चौथ्या फेरीत खाली पाडले होते. मागे झुकण्यापेक्षा अर्धे पाऊल मागे सरावे. मागे जाताना मागचा पाय आधी हलवावा आणि पाय कधीही एकमेकांत अडकू देऊ नयेत. मात्र सरळ मागे जात राहिलात तर दोर लवकरच पाठीला लागतो, कारण रिंग आतून जेमतेम 6.1 मीटर लांब-रुंद असते. एक पाऊल मागे, मग पुढच्या पायाच्या चवड्यावर वळून बाजूला, अशी सवय लावावी. 2008 आणि 2012 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या युक्रेनच्या वासिल लोमाचेन्को यांच्या लढती पाहताना त्यांच्या हातांऐवजी पायांकडे पाहावे.

घरच्या सरावाला खर्च नाही. सोलापुरी टॉवेल मानेमागून घेऊन त्याची दोन टोके दोन्ही मुठींत गालांजवळ धरावीत आणि आरशासमोर स्लिप व रोल करावेत; हात खाली गेला की मानेवर ओढ बसून लगेच कळते. गच्चीवर खांद्याच्या उंचीला दोरी बांधून तिच्याखालून एका बाजूने दुसऱ्या बाजूला पुढे सरकत जावे. मे महिन्यात हे उन्हे वर यायच्या आत उरकावे. मूठभर ज्वारी भरलेली कापडी पिशवी कपाळाच्या उंचीवर टांगून झोका द्यावा आणि ती चेहऱ्याशी येताच चार बोटे सरकून तिला कानाजवळून जाऊ द्यावे. ती तालातच झुलते, म्हणून अधूनमधून तिला वेगळ्या दिशेने ढकलावे.

ही तीन कामे महिनाभर झाल्यावरच स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, करावे, तेही माउथगार्ड आणि 16 औंसांचे ग्लोव्ह घालून. हेडगार्डमुळे त्वचा फुटणे कमी होते, पण मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. ठोसा लागल्यावर चक्कर, डोकेदुखी, उलटी किंवा धूसर दिसणे यांपैकी काहीही जाणवले तर त्या क्षणी ग्लोव्ह काढावेत आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत रिंगमध्ये पाऊल ठेवू नये. पहिल्या फेऱ्यांत जोडीदाराने निम्म्या जोराने फक्त जॅब मारावा आणि तुम्ही फक्त चुकवावा, उलट मारू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने जॅबमागे क्रॉस जोडावा, आणि हुकची पाळी त्यानंतर यावी.