सायकॉलॉजिकल थ्रिलरचे संकेत: विद्यार्थी लघुपटात या चुका टाळा

पाच-सहा मिनिटांच्या विद्यार्थी थ्रिलरमध्ये आरसा, ठिबकणारा नळ, हूडीतली पाठमोरी आकृती, तिरका कॅमेरा आणि शेवटी ‘हे सगळं त्याच्या मनातच चाललं होतं’, ही मंडळी हमखास भेटतात. यातलं एकही मुळात टाकाऊ नाही. संकेत म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द: अमुक दिसलं की तमुक होणार. तो पाळायचा की मोडायचा हे तुमच्या हातात आहे, पण दिलाच नाही तर मोडणार काय? बहुतेक फिल्म फसतात त्या इथेच.

संकेत बसण्याआधीच मोडणं

जिथे प्रेक्षक दचकायला हवा तिथे तो नुसता गोंधळतो, असं झालं की समजा, नियम ठरलाच नव्हता. १९६० च्या ‘सायको’मध्ये नायिका चित्रपट निम्माही झालेला नसताना मारली जाते आणि ते अंगावर येतं, कारण तोवर गोष्ट पूर्णपणे तिची असते: तिची चोरी, तिची भीती, तिचं पुन्हा विचार करणं. सुरुवातीलाच मेली असती तर ते फक्त एक प्रेत ठरलं असतं.

म्हणून मोडायचा संकेत आधी दोनदा पाळा. सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिली वेळ पहिल्या मिनिटात, दुसरी तिसऱ्यात, मोड पाचव्यात. समजा, बेल वाजली की घरात कोणीतरी येणार, हा नियम. पहिल्यांदा बेल वाजते, मैत्रीण आत येते. दुसऱ्यांदा वाजते, दाराबाहेर कोणी नाही, पण पायपुसणं सरकलेलं आहे. तिसऱ्यांदा बेल वाजतच नाही आणि मैत्रीण आतल्या खोलीतून बाहेर येते. तिन्ही वेळा कॅमेरा त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच लेन्सने हवा. तुलना करता आली तरच फरक टोचतो. हे शॉट लागोपाठ घ्या, मध्ये फक्त कपडे आणि प्रकाश बदला. ट्रायपॉड हलला की जुळणी गेली, म्हणून पायांच्या जागी जमिनीवर टेप लावून ठेवा.

मोडायचा तोही एकच. कालक्रम उलटा, निवेदक खोटा, गुन्हेगारच बळी आणि भर दिवसाचा प्रकाश, असं सगळं एकदम उलटं केलं तर प्रेक्षकाला उलटं काय हेच कळत नाही. १८० अंशांच्या रेषेचंही (बोलणाऱ्या दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो) तसंच: संवादातले पहिले चार-पाच शॉट रेषेच्या एकाच बाजूने ठेवा आणि पात्र खोटं बोलतं त्या वाक्यावर ओलांडा. सुरुवातीपासून ओलांडत राहिलात तर परीक्षक त्याला सरळ चूक म्हणतील, आणि ते बरोबरच असेल.

धक्का म्हणून जुनाच ट्विस्ट

गोष्ट सांगणारा माणूसच मनोरुग्णालयात आहे, हा शेवट १९२० च्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’मध्ये येऊन गेला आहे. शंभर वर्षांत तो इतका रुळला, की एकट्या पात्राने मागे वळून पाहिलं की प्रेक्षक मनात ‘हिचे भासच असणार’ म्हणतो. म्हणजे आज संकेत हाच आहे. त्याला आव्हान द्यायचं तर पात्राचा संशय खरा ठरवा: वरच्या उदाहरणात मैत्रिणीकडे दुसरी किल्ली असते, एवढंच.

तरीही काल्पनिक पात्र हवंच असेल, तर पूर्ण फिल्म शॉटगणिक तपासा. प्रत्येक शॉटला विचारा: हे कोण पाहतंय? नायकाच्या नजरेबाहेरच्या शॉटमध्ये त्या काल्पनिक माणसाने कप उचलला किंवा तिसऱ्याने त्याच्याशी बोलून उत्तर घेतलं, तर तो ट्विस्ट नाही, फसवणूक आहे. आगाऊ खुणा तीन पुरतात: एक उघड, एक दुसऱ्या हालचालीआड दडलेली, एक फक्त आवाजात.

अंधार म्हणजे दिवे बंद करणं नव्हे

खोली अंधारी ठेवून शूट केलं की कॅमेरा आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) वाढवतो आणि सावल्यांत दाणे वळवळू लागतात. चेहऱ्याच्या एका बाजूला पुरेसा प्रकाश द्या, दुसरी बाजू सुमारे तीन स्टॉपने (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी ठेवा. हे ८:१ प्रमाण थ्रिलरला शोभतं. आयएसओ कमी ठेवून, एक्स्पोजर लॉक करून घ्या, काळोख ग्रेडिंगमध्ये (संकलनानंतर रंग-उजेड ठरवताना) गडद करा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६०, नाहीतर दिवे लुकलुकतात.

आरशाचा शॉट

सगळ्यांना हवा असतो आणि सगळ्यांचा बिघडतो. पहिली अडचण म्हणजे पात्र आरशात स्वतःकडे बघतं आणि फिल्ममध्ये त्याची नजर भलतीकडे दिसते. आरशात पात्राला लेन्स दिसते तेव्हाच लेन्सला त्याचा चेहरा दिसतो. म्हणून कॅमेरा थोडा बाजूला ठेवा आणि पात्राला आरशातल्या स्वतःकडे नाही, तर आरशात दिसणाऱ्या लेन्सच्या अगदी कडेला बघायला सांगा. पडद्यावर ते स्वतःकडेच बघतंय असं वाटतं.

दुसरी अडचण फोकसची. ऑटोफोकस काचेवरची धूळ किंवा आरशाची चौकट धरून बसतो. कॅमेरा आरशापासून १ मीटरवर आणि पात्रही १ मीटरवर असेल, तर फोकस २ मीटरवर लागतो. मॅन्युअलवर जा. आणि मुळात हा शॉट का हवा, ते ठरवा: दुभंगलेलं मन दाखवायचं असेल तर ते सगळ्यांनीच दाखवलंय. आरशातून मागचं दार दिसावं म्हणून वापरला, तर तो काहीतरी काम करतो.

सतत घुमणारा आवाज

पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच घुमणारा ड्रोन (सलग लांबवलेला सूर) टाकला की कानाला त्याची सवय होते. मोठ्या क्षणाआधी दोन-तीन सेकंद तो पूर्ण काढा, फक्त खोलीचा स्वाभाविक आवाज ठेवा. त्यासाठी प्रत्येक जागेवर पंखा, फ्रिज बंद करून निदान ३० सेकंद रूम टोन रेकॉर्ड केलेला हवा. संवादाचे उंच टोक -१२ डीबीच्या (० डीबी ही कमाल) आसपास ठेवा, म्हणजे दचकवायला वर जागा उरते. शेवटी सगळ्या मिक्सवर जड कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारं साधन) लावला तर ही जागा पुन्हा सपाट होते. १०० हर्ट्झखालची गुरगुर मोबाइलच्या स्पीकरवर जवळपास ऐकूच येत नाही. तिच्यावर मधल्या पट्टीतला एखादा घासल्यासारखा आवाज चढवा.

आजारालाच खलनायक करणं

स्किझोफ्रेनिया म्हणजे दुहेरी व्यक्तिमत्त्व नव्हे, तरी विद्यार्थी पटकथांमध्ये ही गल्लत राजरोस चालते. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता जास्त असते. गोळ्यांची बाटली दाखवून ‘म्हणून खून केला’ म्हणणं हा आळस आहे. निदानाचं नाव काढून टाका, कारण परिस्थितीत शोधा: झोप न मिळणं, अपराधीपणा, कोणीतरी मुद्दाम पेरलेला संशय.

लेखी मूल्यमापनातली पोकळ वाक्यं

‘आम्ही लो-की लायटिंग (गडद सावल्यांची प्रकाशयोजना) वापरून संकेत पाळला’ याला फारसे गुण मिळत नाहीत. कोणता शॉट, कितव्या सेकंदाला, प्रेक्षक काय धरून चालला होता आणि प्रत्यक्षात काय झालं, हे लिहा. त्याचा पुरावा आधीच गोळा करा. पटकथा न वाचलेल्या तिघांना रफ कट (फिल्मचं कच्चं संकलन) दाखवा, संकेत मोडण्याच्या दहा सेकंद आधी थांबवा आणि प्रत्येकाला वेगवेगळं विचारा: आता काय होणार? तिघांनी तेच अपेक्षित उत्तर दिलं तर संकेत बसलाय. तीन वेगळी उत्तरं आली तर शेवटाला हात लावू नका, आधीच्या दोन खुणा ठळक करा. ट्विस्टच अचूक सांगितला तर उघड खुणेचा शॉट सेकंदभराने कमी करून पुन्हा नव्या तिघांना दाखवा.