‘ही जबरदस्ती आहे’ असं अर्जात लिहिताय? या चुका टाळा

परळला आमच्या चाळीतल्या एका काकांनी मला बँकेला द्यायचा अर्ज दाखवला. साधं बचत खातं, अनुदान-बिनुदान काही नाही, तरी काउंटरवर ‘आधार जोडाच, सरकारचा नियम आहे’ म्हणून सांगितलेलं. दोन पानांत ‘जबरदस्ती’ सात वेळा आणि खाली करार कायद्याचं कलम १५. काकांचं म्हणणं रास्त होतं, पण कलम भलतंच लावलं होतं.

ही चूक फार जण करतात. १८७२ च्या करार कायद्यात जबरदस्ती म्हणजे फौजदारी गुन्हा ठरेल असं कृत्य करून किंवा तशी धमकी देऊन, नाहीतर कुणाची मालमत्ता बेकायदा अडकवून संमती मिळवणं. आंध्र शुगर्स या साखर कारखान्याच्या खटल्यात शेतकऱ्याने देऊ केलेला ऊस घेणं कारखान्याला कायद्यानेच भाग होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कायद्याने भाग पाडणं म्हणजे जबरदस्ती नव्हे. म्हणून सिम, ॲप, केवायसीच्या सरकारी नियमांपुढे कलम १५ टिकत नाही.

तिथे राज्यघटना कामी येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. तेव्हापासून विचारायचं ते असं: सक्तीमागे कायदा आहे का, हेतू रास्त आहे का, आणि त्या हेतूसाठी एवढी सक्ती लागते का? याच कसोटीवर २०१८ मध्ये बँक खातं आणि सिमला आधार जोडण्याची सक्ती गेली, पॅनची मात्र राहिली. त्यामुळे ‘आधारसक्ती रद्द झाली’ असं मोघम लिहू नका.

सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारं ॲप मात्र सरकारी नियम नाही, तो सोसायटीचा निर्णय. तो सर्वसाधारण सभेत मांडा.

याउलट, सरकारी नियम आहे म्हणून गप्प बसणं हीसुद्धा चूकच. केंद्र सरकारबद्दलच्या ऑनलाइन मजकुराची खरी-खोटी शहानिशा करणाऱ्या तथ्यतपासणी कक्षाच्या नियमात थेट बंदी कुठेच नव्हती. पण केंद्राच्या कामकाजाबद्दलची जी पोस्ट कक्ष खोटी ठरवेल, ती ठेवली तर समाजमाध्यमांच्या प्लॅटफॉर्मचं कायदेशीर संरक्षण, म्हणजे लोकांच्या पोस्टसाठी त्यांना जबाबदार न धरण्याची सवलत, जाण्याची भीती होती. असा धाक पुरतो, लोक आपणहून मजकूर काढतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

काकांचा अर्ज आम्ही चार ओळींत आणला: खाते क्रमांक, तारीख, सोबत मतदार ओळखपत्राची प्रत, आणि ‘आधार कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली सक्तीचं आहे, ते लेखी कळवावे.’ दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय काका काउंटरवरून हलले नाहीत.